मिटलेल्या बोटांचा वैद्य

वाचकहो, हे पान क्षणभर मांडीवर ठेवा आणि उजव्या हाताच्या चिमटीत डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी धरून पाहा. ती सहज उचलली जाते, इकडेतिकडे सरकतेही. आता हात उलटा करून तळव्याच्या मध्यभागी तेच करून पाहा. चिमटीत फारसे काही येत नाही. तळव्याची कातडी खाली कशाला तरी टाचून ठेवल्यासारखी असते, आणि ती तशी असते म्हणूनच आपल्याला विळ्याची मूठ, बादलीची कडी किंवा एस. टी.तला दांडा घट्ट धरता येतो. नाहीतर वस्तू कातडीसकट हातात फिरली असती. या कातडीखाली मनगटाजवळ निमुळता सुरू होऊन बोटांच्या मुळांकडे पंख्यासारखा पसरत गेलेला एक पांढरा, चिवट पडदा असतो. कातडी त्याला असंख्य बारीक धाग्यांनी बांधलेली असते.

काही माणसांच्या हातातला हा पडदा उतारवयात जाड होऊ लागतो. आधी तळव्यात अनामिकेच्या रेषेवर वाटाण्याएवढी गाठ लागते. ती बहुधा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग काही वर्षांत त्या गाठीची दोरी होते, दोरी आखडते आणि बोट हळूहळू तळव्याकडे ओढले जाते. बहुतेक वेळा ही पाळी अनामिकेवर आणि करंगळीवर येते. मूठ मिटते, पण उघडत नाही. हात खिशात घालता येत नाही, तोंड धुताना बोट डोळ्यात जाते, कोणाशी हस्तांदोलन करणे संकटाचे होते. या विकाराला जगभरचे डॉक्टर एका फ्रेंच शल्यविशारदाचे नाव देतात. ग्यीयोम द्युपुइत्रां हे ते नाव. त्याचा उच्चार मी तीन जाणत्या माणसांना विचारला आणि तीन निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यांतले जिभेला सर्वांत कमी त्रास देणारे मी इथे वापरले आहे.

मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. शल्यविद्येशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आला तो बाल्झॅकमुळे. आपल्या ग्रंथालयात त्याच्या कथांचा एक इंग्रजी संग्रह आहे. त्यात एका नास्तिक शल्यविशारदाची कथा आहे. डेप्लां नावाचा हा जगप्रसिद्ध डॉक्टर देवाधर्माची टर उडवतो, पण वर्षातून चार वेळा गुपचूप चर्चमध्ये जाऊन प्रार्थनेला बसतो. कारण एवढेच, की तो उपाशी विद्यार्थी असताना बुर्झा नावाच्या एका अडाणी पाणक्याने त्याला पोसले होते. घोडा आणि पाण्याची गाडी घेण्यासाठी साठवलेले पैसे या पाणक्याने त्याच्या शिक्षणात घातले. पाणक्या भाविक होता, म्हणून त्याच्या आत्म्यासाठी हा नास्तिक गुडघे टेकतो. ही कथा १८३६ साली प्रसिद्ध झाली, आणि डेप्लां म्हणजे आदल्याच वर्षी वारलेला द्युपुइत्रां होय, हे साहित्याचे अभ्यासक मानत आले आहेत. कथा वाचून झाल्यावर मला त्या पाणक्याची ओढ लागली आणि मी खऱ्या माणसाचा शोध घेऊ लागले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा ही ओढ कशाची होती, हे वेगळे सांगायला नको.

खऱ्या चरित्रात पहिली निराशा लगेच पदरी आली. द्युपुइत्रां पाणक्याच्या पैशांवर शिकला नव्हता आणि हमालाचा मुलगाही नव्हता. ५ ऑक्टोबर १७७७ रोजी फ्रान्सच्या लिमूझें प्रांतात, लिमोझ शहराजवळच्या प्येर-ब्युफ्येर या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. वडील वकील होते, पण घरी पैसा बेताचाच. मुलगा दिसायला इतका देखणा, की तूलूझच्या एका श्रीमंत बाईने त्याला लहानपणी चक्क पळवून नेले आणि मग त्याला परत आणावे लागले, अशी कथा त्याच्या चरित्रकारांनी एकमुखाने सांगितली आहे. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमारास गावावरून जाणाऱ्या घोडदळाच्या एका अधिकाऱ्याला या चुणचुणीत पोराने भुरळ घातली. अधिकाऱ्याचा भाऊ पॅरिसमध्ये एका विद्यालयाचा प्रमुख होता. आईवडिलांच्या संमतीने त्याने मुलाला तिकडे नेले. ते साल होते १७८९. म्हणजे खेड्यातला हा मुलगा पॅरिसला पोहोचला तो राज्यक्रांतीच्या तोंडावर.

त्याला स्वतःला सैन्यात जायचे होते, पण वडिलांनी त्याने शल्यवैद्य व्हावे असे ठरवले आणि त्यांचेच चालले. क्रांतीच्या त्या गोंधळात पॅरिसच्या जुन्या शिक्षणसंस्था बंद पडल्या होत्या. १७९४ च्या अखेरीस त्यांच्या जागी नवी वैद्यकशाळा निघाली आणि तिने एक मोठी गोष्ट केली. औषधे देणारा वैद्य वरचा आणि हातात सुरी धरणारा शल्यवैद्य खालचा, हा जुना भेद तिने मोडला आणि दोघांना एकाच वर्गात बसवले. सुरी धरणारा माणूस शतकानुशतके न्हाव्याच्या पंगतीला बसत आला होता. हाताने काम करणारा कमी प्रतीचा, ही समजूत तिकडेही होती, हे वाचून मला बरे वाटले, म्हणजे वाईट वाटूनही बरे वाटले.

या काळातल्या त्याच्या दारिद्र्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. एका खोलीत सोबत्याबरोबर राहणे, आठवडेच्या आठवडे पाव आणि थोड्याशा चीजवर काढणे, थंडीत सरपण नसणे. रात्री वाचायला दिव्यात तेल नसे, तेव्हा शवविच्छेदनाच्या प्रेतांची चरबी तो दिव्याला वापरी, असेही सांगतात. हे ऐकून किळस येते, पण आपल्याकडे रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणाऱ्यांच्या कथा आपण ज्या आदराने सांगतो त्याच जातीची ही कथा आहे. मला यापेक्षा दुसरी एक आठवण अधिक महत्त्वाची वाटते. पुढे समाजवादी विचारवंत म्हणून गाजलेला सँ-सिमाँ त्या दिवसांत पैसा बाळगून होता. तो एकदा या विद्यार्थ्याच्या गारठलेल्या खोलीत आला आणि निघताना न बोलता पैसे ठेवून गेला. द्युपुइत्रांच्या ते लक्षात येताच तो जिना उतरून मागे धावला आणि आपण काहीतरी विसरलात असा बहाणा करून ते पैसे त्याने परत केले. बाल्झॅकचा डेप्लां पाणक्याची मदत घेतो. खरा द्युपुइत्रां पाहुण्याच्या मागे धावत जाऊन ती परत करतो. माझ्या मते या दोन माणसांत पुढे जो फरक पडत गेला त्याचे मूळ इथे आहे.

१७९५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, स्पर्धापरीक्षा देऊन तो नव्या वैद्यकशाळेत शवविच्छेदनाचा साहाय्यक झाला. प्राध्यापकांच्या व्याख्यानासाठी प्रेते कापून, अवयव मोकळे करून ठेवणे हे त्याचे काम. १८०१ मध्ये तो शारीर विभागाच्या सर्व कामाचा प्रमुख झाला. आजारी माणसाच्या शरीरात मृत्यूनंतर काय दिसते याची नोंद ठेवायची आणि ती त्याच्या हयातीतल्या लक्षणांशी ताडून पाहायची, ही पद्धत त्या पिढीने पॅरिसमध्ये रुजवली. बिशा, लाएनेक, द्युपुइत्रां हे सगळे त्यातलेच. तिशीच्या आतच त्याने इतकी शरीरे उघडली होती, की माणसाच्या कातडीखाली काय आहे हे त्याला जवळजवळ डोळे मिटून दिसत असावे.

यानंतरचा त्याचा चढ मी थोडक्यात सांगते, कारण तो वाचताना मला फारसा आनंद झाला नाही. १८०२ मध्ये तो ओतेल-द्यू या पॅरिसच्या सर्वांत जुन्या रुग्णालयात दुय्यम शल्यवैद्य झाला, १८०८ मध्ये उपप्रमुख, १८१२ मध्ये वैद्यकशाळेत शस्त्रक्रियेचा प्राध्यापक आणि १८१५ मध्ये ओतेल-द्यूचा प्रमुख शल्यविशारद. प्रत्येक पायरीवर कोणीतरी दुखावलेला दिसतो. ज्या वृद्ध पेल्तांच्या हाताखाली तो वाढला, त्यांना बाजूला सारून त्याने ती जागा मिळवली. लाएनेकशी त्याचा रोगशारीरातल्या श्रेयावरून कडवा वाद झाला. आपल्याच प्रांतातून आलेला, शिंप्याच्या घरी जन्मून मोठा शल्यविशारद झालेला बोआये त्याला जावई करून घेणार होता. करारावर सह्या व्हायच्या त्या दिवशी नवरामुलगा आलाच नाही. १८१० मध्ये त्याने दुसऱ्याच मुलीशी लग्न केले आणि ते सुखाचे झाले नाही. पत्नी पुढे त्याला सोडून गेली. एका समकालीनाने त्याला शल्यविशारदांच्या रांगेत सर्वांत पुढे आणि माणसांच्या रांगेत सर्वांत मागे उभे केले होते. लिसफ्रांक हा प्रतिस्पर्धी तर आपल्या वर्गात त्याला नदीकाठचा दरोडेखोर म्हणे, कारण ओतेल-द्यू सेन नदीच्या काठावर आहे. ज्याला वर येताना कोणाचाही हात घ्यायचा नाही, तो वर आल्यावर कोणाला हात देईल तरी कसा, असे मला वाटून गेले. हे माझे मत आहे. मानसशास्त्राच्या सरांनी ते तपासून घ्यावे.

पण याच माणसाचा रोजचा दिवस पाहिला की रागाची धार बोथट होते. तो पहाटे पाचला उठे. उजाडायच्या सुमारास हिरवा कोट आणि वर पांढरे ॲप्रन घालून तो ओतेल-द्यूत हजर असे. एकेका खाटेजवळ थांबून सर्व रुग्ण पाही, मग शेकडो विद्यार्थ्यांसमोर व्याख्यान, मग शस्त्रक्रिया, मग बाहेरून आलेल्या गोरगरिबांची मोफत तपासणी. संध्याकाळी पुन्हा रुग्णांची फेरी. हे वर्षानुवर्षे चालले. ज्या रुग्णालयात पॅरिसचे कंगाल लोक मरायला येत, तिथे राजवैद्याच्या तोडीचा माणूस रोज दोनदा खाटेपाशी उभा राही. रुग्णांशी, विशेषतः मुलांशी, तो हळुवारपणे वागे. त्याची तुसडी वागणूक बरोबरीच्या माणसांसाठी राखून ठेवलेली होती. आणि हेही लक्षात घ्यावे, की ईथरची भूल बोस्टनमध्ये पहिल्यांदा जाहीरपणे दिली गेली ती १८४६ साली. म्हणजे द्युपुइत्रांचा प्रत्येक रुग्ण सुरी चालताना पूर्ण जागा असे.

राजदरबाराशी त्याचा संबंध आला तो एका खुनामुळे. १३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री राजाचा पुतण्या ड्यूक द बेरी याला ऑपेराबाहेर लूव्हेल नावाच्या माणसाने भोसकले. द्युपुइत्रांला बोलावण्यात आले. त्याने छातीत साचलेले रक्त वाहून जावे म्हणून जखम रुंदावली, पण उपयोग झाला नाही आणि पहाटे ड्यूक वारला. या रात्रीचा एक किस्सा सांगतात. राजा अठरावा लुई मरणाऱ्या पुतण्यापाशी आला आणि त्याला कळू नये म्हणून त्याने द्युपुइत्रांला लॅटिनमध्ये विचारले, की वाचण्याची काही आशा आहे का. फ्रान्समधला सर्वांत मोठा शल्यविशारद गप्प उभा राहिला. त्याचे लॅटिन क्रांतीच्या धामधुमीत कच्चेच राहिले होते. शेवटी शेजारी असलेल्या वयस्क डॉक्टर द्युब्वांनी उत्तर दिले. किस्सा खरा असो वा रचलेला, तो माझ्या मनातून जात नाही. जिच्या घरी पुस्तकच नव्हते अशा मुलीला भर वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तर येत असूनही जीभ का उचलत नाही, हे आपल्यापैकी निम्म्याजणांना ठाऊक आहे. द्युपुइत्रां त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होता. राजाने पुढे त्याला बॅरन केले आणि स्वतःचा प्रमुख शल्यविशारदही नेमले.

आता हाताकडे येऊ. त्यातही आधी मनगटाकडे.

माणूस पडताना हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. मग मनगट सुजते, मागच्या बाजूला उंचवटा येतो आणि हात जेवणाच्या काट्यासारखा वाकडा दिसतो. याला लोक सर्वत्र हात उतरला असेच म्हणत आले. हिपॉक्रेटिसच्या काळापासून वैद्यही तेच म्हणत होते, की सांधा निखळला. डब्लिनच्या एब्रहॅम कॉलीसने १८१४ साली लिहिले, की सांधा निखळलेला नसतो, तर कोपरापासून आलेल्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाच्या वर बोटभर अंतरावर मोडलेले असते. क्ष-किरण तेव्हा नव्हते. ते १८९५ मध्ये आले. कॉलीसने केवळ बोटांनी चाचपून हे ओळखले. पॅरिसमध्ये त्याच्या लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. द्युपुइत्रांने आपल्या वाटेने, मृत रुग्णांची मनगटे उघडून, हाच निष्कर्ष काढला आणि वर्गात ठासून शिकवला : मनगट निखळणे ही अतिशय विरळ गोष्ट आहे, समोर येते ते बहुतेक सगळे हाड मोडण्याचेच प्रकार असतात. हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. निखळलेला सांधा एकदा जागेवर बसला की काम झाले असे मानून माणसाला घरी पाठवतात. मोडलेले हाड नीट जुळवून आठवडेच्या आठवडे तसेच धरून ठेवावे लागते, नाहीतर ते वाकडे जुळते. माझी आत्या नळावर पाय घसरून पडली, तेव्हा तिचा हात उतरला असे ठरवून गावातल्या एका हाडवैद्याने तो ओढला, हळदीचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि आठ दिवसांत सोडल्या. आत्याचे मनगट आजही काट्यासारखे आहे. तिला भाकरी थापता येते, पण पिळे पिळता येत नाहीत. कॉलीसच्या लेखाला तेव्हा दोनशे वर्षे होऊन गेली होती.

तर आता ती मिटलेली बोटे. द्युपुइत्रांच्या आधी या विकाराबद्दल डॉक्टरांची नाना मते होती. कोणी म्हणे कातडी आखडली, कोणी म्हणे सांधे धरले, कोणी संधिवाताला किंवा जुन्या जखमेला दोष देई. बहुतेकांना वाटे, की बोटे वाकवणाऱ्या कंडराच आखडल्या आहेत. आपल्या बोटांत स्नायूंचा मांसल भाग नसतोच, हे मला हा लेख लिहिताना कळले. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपराच्या खाली असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीसारख्या. तळव्यात ती ताठ दोरी हाताला लागली, की ती कंडराच असे वाटणे साहजिक होते. मग कोणी ती कापायला जाई, आणि खरी कंडरा तुटली की बोट सरळ होई खरे, पण पुन्हा वाकत नसे. म्हणून शहाणे डॉक्टर या रुग्णांना असाध्य म्हणून परत पाठवत.

असाच विकार असलेला एक वृद्ध माणूस द्युपुइत्रांच्या पाहण्यात होता. तो वारल्याचे कळताच त्याने त्याचा हात मिळवला. आधी चित्रकाराकडून त्याचे हुबेहूब चित्र काढवून घेतले आणि मग हळूहळू कातडी सोलली. कातडी सैल होऊन बाजूला झाली, म्हणजे दोष कातडीचा नव्हता. बोटे अजून वाकलेलीच होती. ती ओढून सरळ करू लागताच तळव्यातला तो पांढरा पडदा ताणला गेला आणि त्यातून बोटांकडे जाणारे पट्टे दोरीसारखे उभे राहिले. त्याने फक्त ते पट्टे कापले. बोटे सुटली. खालच्या कंडरा निरोगी होत्या आणि सांधेही निरोगी होते. ज्या पडद्याला कोणी विचारातच घेत नव्हते, तोच सगळ्याचे मूळ निघाला.

मग मद्याचा एक व्यापारी त्याच्याकडे आला. नोंदीत त्याला मसिये एल. एवढेच म्हटले आहे. १८११ साली मोठे पिंप उचलताना त्याच्या डाव्या तळव्यात काहीतरी कट्‌कन झाले होते. त्यानंतर वीस वर्षांत त्याची अनामिका आणि करंगळी तळव्याला येऊन मिळाल्या होत्या. १२ जून १८३१ रोजी द्युपुइत्रांने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. अनामिकेच्या मुळाशी तळव्यात आडवा छेद घेतला. कातडी कापली गेली, मग पडदा कापला जाताना करकर असा आवाज ऐकू आला आणि वीस वर्षे मिटलेली अनामिका जवळजवळ सरळ झाली. करंगळीसाठी आणखी छेद द्यावे लागले. जखमा त्याने शिवल्या नाहीत. बोटे एका पट्टीवर ताणून बांधली आणि जखमा आतून आपोआप भरून येऊ दिल्या. पुढचे दिवस व्यापाऱ्याने सूज, वेदना आणि पू यांत काढले. जंतूंविषयी तेव्हा कोणाला काहीच ठाऊक नव्हते, आणि अशा छेदाने माणूस दगावूही शकत असे. जखमा भरल्या. पट्टी त्यानंतरही बरेच दिवस ठेवली. शेवटी व्यापाऱ्याला बोटे उघडता आली आणि मिटताही आली.

५ डिसेंबर १८३१ रोजी ओतेल-द्यूच्या भरलेल्या वर्गात त्याने हा सगळा विषय मांडला आणि त्याच विकाराच्या एका घोडागाडीवानावर विद्यार्थ्यांदेखत शस्त्रक्रिया केली. तो स्वतः फारसे लिहीत नसे. त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांनीच टिपून घेतली आणि छापली. या व्याख्यानाचे इंग्रजी रूप १८३४ मध्ये लॅन्सेट या लंडनच्या नियतकालिकात आले आणि नाव कायमचे चिकटले. खरे पाहता लंडनच्या हेन्री क्लाइनने अशाच हातांचे विच्छेदन करून पडद्याचा दोष १७७७ सालीच, म्हणजे द्युपुइत्रांच्या जन्मवर्षी, ओळखला होता. त्याचा शिष्य ॲस्टली कूपर याने १८२२ मध्ये ते छापलेही होते. पण मेलेल्या हातापासून जिवंत हातापर्यंत पुराव्याची साखळी जोडून ती शेकडो तरुण डॉक्टरांपुढे उभी केली ती द्युपुइत्रांने.

एक गोष्ट मात्र त्याने बहुधा चुकीची सांगितली. व्यापारी पिंपे उचलतो, गाडीवान चाबकाचा दांडा धरतो, तेव्हा तळव्यावर सतत कठीण वस्तूचा दाब पडल्याने पडदा आखडतो, असे त्याचे म्हणणे होते. हे वाचल्यावर मी वडिलांचे हात पाहायला मागितले. ते मार्केट यार्डात हमाल आहेत. तीस वर्षे पोत्यांना लोखंडी आकडा लावून पाठीवर घेत आले आहेत. त्यांनी काही न विचारता दोन्ही तळवे पुढे केले. घट्टे इतके जाड, की रेषा दिसत नाहीत. पण बोटे टेबलावर सपाट टेकतात, गाठ नाही, दोरी नाही. आईने मग आपलेही हात पुढे केले. ती विड्या वळते, आणि रात्री तिच्या पहिल्या तीन बोटांना मुंग्या येतात. तो विकार निराळा आहे. मनगटाच्या बोगद्यात कंडरांबरोबर एक नस जाते, ती दाबली गेली की असे होते. आईला मी डॉक्टरकडे नेले. घट्टे आणि हा पडदा यांचा संबंध नाही, हे आज पुष्कळसे स्पष्ट झाले आहे. हा विकार मुख्यतः रक्तातून, वंशातून येतो. उत्तर युरोपातल्या लोकांत तो जास्त, पुरुषांत जास्त आणि पन्नाशीनंतर जास्त दिसतो. आपल्याकडे तो विरळ आहे. जड कामाचा त्यात थोडा हात असावा की नाही, यावर अजून वाद चालतो. आजचे डॉक्टर आखडलेले पट्टे सुईने तोडतात किंवा छेद घेऊन काढून टाकतात. काही ठिकाणी ते विरघळवणारे इंजेक्शनही दिले गेले आहे. तरी कितीतरी रुग्णांत विकार पुन्हा उलटतो. त्यावर कायमचा उपाय नाही.

द्युपुइत्रांने अमाप पैसा मिळवला होता. १८३० च्या जुलै क्रांतीत दहावा शार्ल गादीवरून गेला आणि परदेशी आश्रयाला राहिला, तेव्हा द्युपुइत्रांने आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा, दहा लाख फ्रँक, त्याला देऊ केल्याचे सांगतात. त्याच जुलैमध्ये रस्त्यावर गोळ्या खाल्लेले कामकरी ओतेल-द्यूत आणले गेले. त्यांतले बरेच त्याच राजाविरुद्ध लढले होते. द्युपुइत्रां त्यांच्याही जखमा बांधत होता. ज्याने तरुणपणी ठेवलेले पैसे परत केले तो पदच्युत राजाला मदत पाठवायला निघतो, हे पाहून मला गंमतही वाटली. देणे त्याला जमत होते, घेणे मात्र जमत नव्हते.

नोव्हेंबर १८३३ मध्ये रुग्णालयाकडे जाताना वाटेत त्याला अर्धांगाचा झटका आला. तोंड एका बाजूला ओढले गेले. तो तसाच वर्गात गेला आणि व्याख्यान पुरे केले. विश्रांतीसाठी तो इटलीत जाऊन आला आणि परतल्यावर पुन्हा कामाला लागला. पुढच्या हिवाळ्यात छातीच्या पडद्यात पाणी झाले. ते छेद घेऊन काढावे असे सहकाऱ्यांनी सुचवले. असे किती छेद त्याने स्वतः घेतले होते आणि त्यांतले किती रुग्ण जगले, याचा हिशेब त्याला पाठ होता. त्याने नकार दिला. ८ फेब्रुवारी १८३५ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, तो वारला. आपल्या शरीराचे विच्छेदन व्हावे असे त्याने सांगून ठेवले होते आणि तसे ते झाले. पेर-लाशेझच्या दफनभूमीत त्याला पुरले.

मृत्युपत्रात त्याने वैद्यकशाळेला रोगशारीराचे अध्यासन काढण्यासाठी दोन लाख फ्रँक ठेवले होते. शाळेचे प्रमुख ओर्फिला यांनी अध्यासनाचा खर्च सरकारकडून मिळवला आणि त्या पैशांतून कॉर्देलिए या जुन्या मठाच्या भोजनगृहात रोगग्रस्त अवयवांचे संग्रहालय उभे केले. अध्यासनावर पहिला बसला तो लिमोझचाच क्र्युव्हेल्ये, द्युपुइत्रांच्या गावाकडून आलेला त्याचा शिष्य. द्युपुइत्रांच्या नावाचे ते संग्रहालय २०१६ मध्ये त्या जागेतून बंद झाले आणि तिथली हाडे, मेणाचे नमुने, काचेच्या बरण्या पॅरिसमध्येच झ्यूस्यू इथल्या विद्यापीठाच्या इमारतीत हलवण्यात आल्या.